बँकेची मालकी आणि खर्च कार्यक्षमता : परदेशी व देशी बँकांची तुलना

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

- खर्च कार्यक्षमता, तांत्रिक कार्यक्षमता आणि वाटप कार्यक्षमता यांतील फरक सांगणे.
- साध्या आकडेमोडीतून एखाद्या बँकेची खर्च कार्यक्षमता काढणे.
- परदेशी आणि देशी बँकांच्या खर्चाची तुलना करताना होणाऱ्या चुका ओळखणे.
- बँकेच्या मालकीचा तिच्या खर्चावर कोणत्या मार्गांनी परिणाम होतो, हे स्पष्ट करणे.

१. प्रस्तावना

मैलापूर हा चेन्नईतील एक जुना भाग. कपालीश्वर मंदिर, त्याभोवतीचे माड रस्ते आणि लूझचा चौक ही त्याची ओळख. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मद्रास उच्च न्यायालयातील अनेक नामवंत वकील येथे राहत. बँकिंगच्या विद्यार्थ्यांनी हे ठिकाण लक्षात ठेवावे, याचे कारण १९०६ साली घडलेली एक घटना.

त्या काळी मद्रासमध्ये ब्रिटिश मालकीच्या तीन मोठ्या व्यापारी पेढ्या होत्या : पॅरी, बिन्नी आणि आर्बथनॉट. आर्बथनॉट पेढी व्यापाराबरोबर बँकेचा व्यवसायही करी आणि लोकांच्या ठेवी स्वीकारी. साहेबाची पेढी म्हणजे भक्कम पेढी, असा सर्वसाधारण समज होता. २२ ऑक्टोबर १९०६ रोजी या पेढीने देणी थांबवली. लंडनमधील तिच्याशी जोडलेली पेढीही त्याच महिन्यात कोसळली. हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. पुढे खटला होऊन पेढीचे प्रमुख सर जॉर्ज आर्बथनॉट यांना १८ महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

मैलापूरचे वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी या बुडीतून वेगळा धडा घेतला. भारतीयांच्या मालकीची आणि भारतीयांनी चालवलेली बँक असावी, असा आग्रह त्यांनी धरला. चेट्टियार समाजातील सावकार-व्यापाऱ्यांनी भांडवलाची साथ दिली आणि १५ ऑगस्ट १९०७ रोजी इंडियन बँकेचे कामकाज सुरू झाले. १९६९ साली राष्ट्रीयीकृत झालेली ही बँक आजही सार्वजनिक क्षेत्रात आहे. तिचे मुख्य कार्यालय मैलापूरला लागून असलेल्या रॉयपेट्टा भागात आहे.

याच शहराने ११४ वर्षांनी उलट दिशेची घटना पाहिली. तमिळनाडूतील करूर येथे १९२६ साली स्थापन झालेली लक्ष्मी विलास बँक ही देशी खासगी बँक अडचणीत आली. २७ नोव्हेंबर २०२० रोजी ती सिंगापूरच्या डीबीएस समूहाच्या भारतीय उपकंपनीत विलीन झाली. पहिल्या वेळी परदेशी पेढी बुडाली आणि देशी बँक जन्माला आली. दुसऱ्या वेळी देशी बँक बुडू लागली आणि परदेशी मालकीच्या बँकेने ती घेतली.

मग प्रश्न असा : परदेशी मालकीची बँक अधिक कार्यक्षम असते, की देशी? रिझर्व्ह बँकेने परवाने देताना, सरकारने परदेशी भांडवलाची मर्यादा ठरवताना आणि सामान्य माणसाने ठेव ठेवताना हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येतोच. उत्तर देण्याआधी 'कार्यक्षम' हा शब्द नीट समजून घ्यावा लागेल.

२. खर्च कार्यक्षमता म्हणजे काय?

एखादी बँक जेवढी सेवा देते, तेवढीच सेवा त्याच बाजारभावांत कमीत कमी किती खर्चात देता आली असती? या किमान खर्चाचे प्रत्यक्ष खर्चाशी असलेले गुणोत्तर म्हणजे खर्च कार्यक्षमता.

खर्च कार्यक्षमता = किमान शक्य खर्च ÷ प्रत्यक्ष खर्च

हे गुणोत्तर शून्य ते एक यांच्या दरम्यान असते. ०.८० याचा अर्थ असा की, प्रत्यक्ष खर्चाच्या ८० टक्के खर्चात तेच काम झाले असते. उरलेले २० टक्के वाया गेले.

हा अपव्यय दोन प्रकारे होतो, हे एम. जे. फॅरेल यांनी १९५७ साली दाखवून दिले.

(अ) तांत्रिक अकार्यक्षमता : एकाच कामासाठी गरजेपेक्षा जास्त माणसे, जास्त जागा, जास्त यंत्रे वापरणे.

(आ) वाटप अकार्यक्षमता : साधने वाया घालवली नाहीत, पण त्यांचे मिश्रण चुकले. जेथे माणसांचे पगार जास्त तेथे माणसेच जास्त ठेवली, किंवा जेथे पगार कमी तेथे महागडी यंत्रे बसवली.

यावरून एक सूत्र मिळते :

खर्च कार्यक्षमता = तांत्रिक कार्यक्षमता × वाटप कार्यक्षमता

याला जोडून हार्वे लायबेनस्टाइन यांची १९६६ सालची 'क्ष-कार्यक्षमता' ही संकल्पना येते. स्पर्धेचा दबाव नसला की संस्था सैल पडतात आणि खर्च किमान पातळीच्या वर राहतो, असा तिचा आशय आहे. बँकिंगच्या अभ्यासात ही संकल्पना फार वापरली जाते, कारण या व्यवसायात परवान्यामुळे स्पर्धा मर्यादित असते.

३. एक सोडवलेले उदाहरण

तीन काल्पनिक शाखा घेऊ. तिन्ही शाखा वर्षभरात सारखेच काम करतात. साधने दोन : कर्मचारी आणि यंत्रसामग्री. एका कर्मचाऱ्याचा वार्षिक खर्च ८ लाख रुपये, यंत्रसामग्रीच्या एका एककाचा वार्षिक खर्च ४ लाख रुपये.

| शाखा | कर्मचारी | यंत्र एकके | एकूण खर्च (लाख रु.) |
|---|---|---|---|
| अ | १० | २० | ८० + ८० = १६० |
| ब | २० | १० | १६० + ४० = २०० |
| क | २० | २० | १६० + ८० = २४० |

अ आणि ब यांपैकी कोणीही साधने वाया घालवत नाही. एकीकडे यंत्रे जास्त, दुसरीकडे माणसे जास्त, एवढाच फरक. या दोन बिंदूंना जोडणारी रेषा म्हणजे कार्यक्षमतेची सीमारेषा. तिच्यावरील प्रत्येक बिंदूत कर्मचारी आणि यंत्र एकके यांची बेरीज ३० येते.

शाखा क मध्ये ही बेरीज ४० आहे. दोन्ही साधने सारख्या प्रमाणात कमी केली, तर ती १५ कर्मचारी व १५ एकके या बिंदूपाशी सीमारेषेला भिडते. म्हणून,

क ची तांत्रिक कार्यक्षमता = १५ ÷ २० = ०.७५

या बिंदूचा खर्च १२० + ६० = १८० लाख रुपये होतो, पण सर्वांत स्वस्त मिश्रण अ चे, म्हणजे १६० लाखांचे आहे. म्हणून,

क ची वाटप कार्यक्षमता = १६० ÷ १८० = ०.८९

क ची खर्च कार्यक्षमता = १६० ÷ २४० = ०.६७

०.७५ × ०.८९ = ०.६७, म्हणजे ताळा जुळतो.

शाखा ब ची तांत्रिक कार्यक्षमता १ आहे, पण खर्च कार्यक्षमता १६० ÷ २०० = ०.८० आहे. तिचा सर्व दोष मिश्रणाचा.

आता फक्त एक गोष्ट बदलू. समजा, या शाखा लहान गावात आहेत आणि तेथे एका कर्मचाऱ्याचा खर्च ३ लाख रुपये आहे. यंत्रांचा दर तोच.

अ चा खर्च = ३० + ८० = ११० लाख

ब चा खर्च = ६० + ४० = १०० लाख

आता ब सर्वांत कार्यक्षम ठरली आणि अ ची खर्च कार्यक्षमता १०० ÷ ११० = ०.९१ झाली. शाखांनी काहीच बदलले नाही. बदलला तो पगाराचा दर. मोठ्या शहरात यंत्रांवर भर देणारी परदेशी बँक कार्यक्षम दिसते, म्हणून तीच पद्धत तालुक्याच्या गावात कार्यक्षम ठरेलच असे नाही. कार्यक्षमता नेहमी त्या त्या ठिकाणच्या दरांच्या संदर्भातच मोजावी लागते.

४. मोजण्याच्या दोन पद्धती

प्रत्यक्षात 'किमान शक्य खर्च' कोणालाही ठाऊक नसतो. उपलब्ध बँकांच्या आकडेवारीवरून त्याचा अंदाज करावा लागतो.

पहिली पद्धत म्हणजे विदा आवरण विश्लेषण, संक्षेपाने डीईए. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी ती १९७८ साली मांडली. वरच्या उदाहरणात आपण हेच केले : उत्तम कामगिरी करणाऱ्यांना जोडणारी रेषा काढली आणि इतरांचे त्या रेषेपासूनचे अंतर मोजले. या पद्धतीत खर्चाचे विशिष्ट समीकरण गृहीत धरावे लागत नाही. पण तिच्यात दोन दोष आहेत. सीमारेषेपासूनचे सगळे अंतर ती अकार्यक्षमता मानते, आणि जिच्यासारखे काम करणारी दुसरी बँकच नाही, तिला तुलनेअभावी पूर्ण गुण मिळण्याचा संभव असतो. चार-पाच शाखांवर केवळ मोठ्या कंपन्यांचे व्यवहार पाहणारी परदेशी बँक अशी 'एकटी' पडते.

दुसरी पद्धत म्हणजे यादृच्छिक सीमा विश्लेषण, संक्षेपाने एसएफए. एगनर, लव्हेल आणि श्मिट यांनी ती १९७७ साली मांडली. यात खर्चाचे समीकरण मांडून जादा खर्चाचे दोन भाग केले जातात : नशिबाचा किंवा योगायोगाचा भाग आणि अकार्यक्षमतेचा भाग. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत महापूर आला. त्या वर्षी चेन्नईत शाखा जास्त असलेल्या बँकेचा दुरुस्तीखर्च वाढला, तर तो व्यवस्थापनाचा दोष नव्हे. डीईए हा फरक करत नाही. एसएफए तो करण्याचा प्रयत्न करते. मात्र त्यासाठी अकार्यक्षमतेचे वितरण कसे असेल, हे आधीच गृहीत धरावे लागते.

म्हणून एखाद्या अभ्यासात 'परदेशी बँका अधिक कार्यक्षम' असे वाचले, तर पहिला प्रश्न विचारावा : कोणत्या पद्धतीने?

५. बँक नेमके काय निर्माण करते?

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. साखर कारखान्याचे उत्पादन पोत्यांत मोजता येते. बँकेचे कशात मोजायचे?

उत्पादन दृष्टिकोनात बँक म्हणजे सेवा देणारे दुकान. खाती उघडणे, पैसे भरणे-काढणे, कर्जाचे अर्ज तपासणे हे तिचे उत्पादन. म्हणून खात्यांची व व्यवहारांची संख्या मोजायची. मध्यस्थी दृष्टिकोनात बँक म्हणजे ठेवीदार आणि कर्जदार यांच्यामधला दुवा. सीली आणि लिंडली यांनी १९७७ साली मांडलेल्या या दृष्टिकोनात कर्जे व गुंतवणुका रुपयांत मोजतात आणि ठेवींना साधन मानतात.

याने काय फरक पडतो, ते दोन काल्पनिक बँकांवरून पाहू.

| | देशी बँक | परदेशी बँक |
|---|---|---|
| खाती | १,००,००० | ५,००० |
| प्रतिखाते सरासरी रक्कम | २०,००० रु. | ४,००,००० रु. |
| एकूण रक्कम | २०० कोटी रु. | २०० कोटी रु. |
| वार्षिक परिचालन खर्च | ६ कोटी रु. | ३ कोटी रु. |
| रकमेच्या प्रमाणात खर्च | ३ टक्के | १.५ टक्के |
| प्रतिखाते खर्च | ६०० रु. | ६,००० रु. |

रुपयांच्या प्रमाणात पाहिले तर परदेशी बँक दुप्पट स्वस्त. खात्यांच्या प्रमाणात पाहिले तर देशी बँक दहापट स्वस्त. दोन्ही आकडे खरे आहेत. परीक्षेत आणि वर्तमानपत्रात बहुधा पहिलाच आकडा दिसतो, कारण ताळेबंदातून तो सहज मिळतो. भाजीवाल्याने रोज शंभर-दोनशे रुपये भरावेत यासाठी बँक जो खर्च करते, तो या आकड्यात केवळ 'जादा खर्च' म्हणून उतरतो.

मैलापूरमध्येच याचे तिसरे रूपही दिसते. मैलापूर हिंदू परमनंट फंड ही १८७२ साली स्थापन झालेली निधी संस्था आहे. निधी फक्त आपल्या सभासदांकडून ठेवी घेते आणि सभासदांनाच तारणावर कर्ज देते. ओळखीचे सभासद आणि दागिन्यांसारखे तारण असल्यावर कर्जाची छाननी सोपी होते. पण निधी ना परदेशी व्यापाराचे व्यवहार करते, ना सर्वांना खाते देते. तिचा खर्च कमी आला तरी बँकेच्या खर्चाशी त्याची थेट तुलना करता येणार नाही.

६. मालकीचा परिणाम : दोन गृहीतके

मालकी कोणाची आहे याने खर्च का बदलावा? बर्जर, डीयंग, जेने आणि उडेल यांनी २००० सालच्या अभ्यासात दोन परस्परविरोधी गृहीतके मांडली.

घरच्या मैदानाचा फायदा. देशी बँकेला भाषा, बाजार, कायदे आणि ग्राहक यांची ओळख असते. एखाद्या व्यापाऱ्याची पत कशी आहे, हे तिच्या व्यवस्थापकाला चार ठिकाणी विचारून कळते. परदेशी बँकेला त्यासाठी पतमापन संस्था, सल्लागार आणि वकील यांच्यावर खर्च करावा लागतो. शिवाय दूरच्या मुख्य कार्यालयाला अहवाल देणे आणि त्याची मंजुरी घेणे यातही वेळ व पैसा जातो.

जागतिक अनुभवाचा फायदा. परदेशी बँकेकडे अनेक देशांत कसाला लागलेल्या कार्यपद्धती, जोखीम मोजण्याची साधने आणि स्वस्त भांडवल असते. संगणक प्रणालीचा खर्च ती अनेक देशांत विभागते. याचे उदाहरण चेन्नईतच आहे. स्टँडर्ड चार्टर्ड बँकेने २००१ साली येथे स्कोप इंटरनॅशनल ही कंपनी काढून आपल्या अनेक देशांतील कार्यालयीन कामे चेन्नईतून करण्यास सुरुवात केली. येथे 'जागतिक फायदा' उभा राहतो तो चेन्नईच्या मनुष्यबळावर, हेही ध्यानात घ्यावे.

या दोन गृहीतकांपैकी कोणते प्रबळ ठरते, हे देशावर, काळावर आणि व्यवसायाच्या प्रकारावर अवलंबून असते.

७. अभ्यासांतून काय दिसते?

बर्जर व सहकाऱ्यांनी फ्रान्स, जर्मनी, स्पेन, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांतील बँका तपासल्या. सरासरीने देशी बँका अधिक कार्यक्षम आढळल्या. परदेशी बँकांचे मूळ देशानुसार गट केले, तेव्हा मात्र अमेरिकी मालकीच्या काही बँका परक्या भूमीवरही सरस ठरल्या. म्हणजे 'परदेशी' हा एकजिनसी गट नाही.

बोनिन, हसन आणि वॉखटेल यांनी २००५ साली पूर्व युरोपातील ११ देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साम्यवादी व्यवस्थेतून बाहेर पडणाऱ्या या देशांत १९९६ ते २००० या काळात परदेशी मालकीच्या बँका अधिक खर्च-कार्यक्षम दिसल्या. तेथील जुन्या सरकारी बँकांना बाजारात कर्ज देण्याचा सरावच नव्हता. अशा ठिकाणी घरच्या मैदानाचा फायदा तो काय असणार?

भारताबद्दल भट्टाचार्य, लव्हेल आणि सहाय यांचा १९९७ सालचा अभ्यास नेहमी उद्धृत होतो. १९८६ ते १९९१ या काळातील ७० बँका त्यांनी डीईए पद्धतीने तपासल्या. सार्वजनिक बँका पहिल्या, परदेशी बँका दुसऱ्या आणि देशी खासगी बँका तिसऱ्या आल्या. पण काळानुसार पाहता परदेशी बँकांची कामगिरी सुधारत होती आणि सार्वजनिक बँकांची घसरत होती. या अभ्यासात ठेवींना उत्पादन मानले होते. हजारो शाखांतून ठेवी गोळा करणाऱ्या सार्वजनिक बँकांना त्याचा लाभ मिळणे साहजिक होते. कलम ५ मधील मुद्दा येथे प्रत्यक्ष दिसतो.

या तीन अभ्यासांतून एकच क्रमवारी मिळत नाही. सामान्य निष्कर्ष काढायचा तर तो असा : स्थानिक बँकिंग जेथे दुबळे, तेथे परदेशी मालकीचा फायदा दिसतो, जेथे ते प्रगल्भ, तेथे तो कमी होतो किंवा उलटतो.

८. भारतातील तुलना करताना घ्यायची काळजी

(१) जबाबदाऱ्या सारख्या नव्हत्या. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या देशी बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. परदेशी बँका त्यातून वगळल्या होत्या. पुढे १९७७ ते १९९० या काळात बँकेने बँकिंग सेवा असलेल्या ठिकाणी एक शाखा उघडायची, तर सेवा नसलेल्या ठिकाणी चार उघडाव्यात, असा नियम होता. देशी बँका खेड्यांत गेल्या. परदेशी बँका महानगरांत राहिल्या. अग्रक्रम क्षेत्राला द्यायच्या कर्जाचे लक्ष्यही बराच काळ देशी बँकांना ४० टक्के, तर परदेशी बँकांना ३२ टक्के होते. वेगळ्या जबाबदाऱ्यांचा खर्च अकार्यक्षमतेच्या खात्यावर मांडणे योग्य नाही.

(२) मुख्य कार्यालयाचा खर्च. परदेशी बँकेची भारतीय शाखा मुख्य कार्यालयाच्या खर्चातील वाटा उचलते. हा वाटा किती दाखवायचा, याला आयकर कायद्यात मर्यादा घालावी लागली, यावरूनच तो लवचीक असतो हे कळते.

(३) खर्च कमी, पण जोखीम जास्त. कर्जदाराची छाननी, तारणाची तपासणी, कर्ज दिल्यावरची देखरेख या सगळ्याला पैसे लागतात. ते वाचवणारी बँक पहिली दोन-तीन वर्षे फार कार्यक्षम दिसते. थकीत कर्जांचे डोंगर नंतर दिसतात. बर्जर आणि डीयंग यांनी १९९७ साली ही शक्यता 'काटकसरीचे गृहीतक' म्हणून मांडली. म्हणून चांगल्या अभ्यासात थकीत कर्जांचाही हिशेब घेतात.

(४) मालकीची व्याख्या. काही मोठ्या भारतीय खासगी बँकांचे निम्म्याच्या आसपास समभाग परदेशी गुंतवणूकदारांकडे असतात, तरी त्यांची गणना देशी बँकांत होते. कारण नियंत्रण कोणाचे, हा निकष वेगळा असतो.

९. लक्ष्मी विलास बँक : एका रात्रीत बदललेली मालकी

आता प्रस्तावनेतील दुसऱ्या घटनेकडे येऊ. लक्ष्मी विलास बँकेला २०१९-२० मध्ये सुमारे ८३६ कोटी रुपयांचा तोटा झाला. मार्च २०२० अखेर तिची ढोबळ थकीत कर्जे एकूण कर्जांच्या २५ टक्क्यांहून अधिक होती. १७ नोव्हेंबर २०२० रोजी सरकारने निर्बंध लावले आणि ठेवीदारांना २५,००० रुपयांपर्यंतच रक्कम काढता येईल असे ठरवले. सुमारे २० लाख ठेवीदारांचा आणि सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या ठेवींचा हा प्रश्न होता. डीबीएस बँक इंडियाने २,५०० कोटी रुपयांचे भांडवल घातले आणि दहा दिवसांत विलीनीकरण होऊन निर्बंध उठले. ठेवी सुरक्षित राहिल्या. भागधारकांचे भांडवल मात्र पूर्ण पुसले गेले.

बँक बुडण्याच्या बेतात आली ती शिपायाच्या पगारामुळे किंवा शाखेच्या भाड्यामुळे नव्हे, तर बुडालेल्या कर्जांमुळे. आर्बथनॉट पेढीची गोष्टही याहून वेगळी नव्हती. एक परदेशी, एक देशी. दोन्हीकडे घातक ठरली ती जोखीम, आणि खर्चाच्या गुणोत्तरात ती दिसत नाही.

या विलीनीकरणात अभ्यासकांसाठी आणखी एक धडा आहे. २६ नोव्हेंबरला ज्या शाखा 'देशी खासगी बँक' या रकान्यात होत्या, त्या दुसऱ्या दिवशी 'परदेशी बँक' या रकान्यात गेल्या. कर्मचारी तेच, इमारती त्याच, ग्राहक तेच. याचा सरासरीवर काय परिणाम होतो, ते काल्पनिक आकड्यांनी पाहू.

| गट | मालमत्ता (कोटी रु.) | खर्च (कोटी रु.) | प्रमाण (टक्के) |
|---|---|---|---|
| आधी : देशी | १,२०० | ३१ | २.५८ |
| आधी : परदेशी | ४०० | ६ | १.५ |
| नंतर : देशी | १,००० | २५ | २.५ |
| नंतर : परदेशी | ६०० | १२ | २.० |

२०० कोटींची मालमत्ता आणि ६ कोटींचा खर्च असलेली एक बँक देशी गटातून परदेशी गटात गेली, एवढेच. एकूण मालमत्ता १,६०० कोटी आणि एकूण खर्च ३७ कोटी, दोन्ही जसेच्या तसे. तरी तक्त्यात देशी बँका सुधारल्यासारख्या आणि परदेशी बँका बिघडल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात एक रुपयाही वाचला नाही की वाया गेला नाही.

म्हणून मालकीचा खरा परिणाम पाहायचा, तर दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना पुरत नाही. तीच बँक मालकी बदलण्यापूर्वी आणि नंतर काही वर्षे पाहावी लागते, आणि त्याच काळात मालकी न बदललेल्या, तशाच दुसऱ्या बँकेशी ताडून पाहावी लागते.

याची उलट बाजूही पाहण्याजोगी आहे. सिटी बँकेने भारतातील आपला किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय अॅक्सिस बँकेला विकला आणि १ मार्च २०२३ रोजी तो व्यवहार पूर्ण झाला. अशा बाजारांत स्पर्धेसाठी लागणारा व्यापक आकार आपल्याकडे नाही, असे कारण सिटीने दिले होते. जागतिक अनुभव असूनही, किरकोळ बँकिंगमध्ये स्थानिक विस्तार नसेल तर तो पुरेसा पडत नाही.

१०. निष्कर्ष

१९०६ साली मैलापूरकरांना वाटले, परदेशी पेढीने घात केला. आता आपली बँक हवी. २०२० साली ठेवीदारांना वाटले, बरे झाले परदेशी बँक आली. दोन्ही भावना आपापल्या जागी खऱ्या होत्या, पण त्यांतून कार्यक्षमतेचा नियम निघत नाही. मालकीने ज्ञान, भांडवल आणि शिस्त यांचा पुरवठा बदलू शकतो. त्याचे कमी खर्चात रूपांतर होईल का, हे स्थानिक दर, ग्राहकवर्ग, सोपवलेल्या जबाबदाऱ्या आणि जोखमीची देखरेख यांवर ठरते. कमी खर्चाचा दावा कोणीही केला, तर चार प्रश्न विचारावेत : कोणत्या सेवेचा खर्च? कोणत्या दरांत? कोणत्या ग्राहकांसाठी? आणि किती जोखीम पत्करून?

सारांश

- खर्च कार्यक्षमता = तांत्रिक कार्यक्षमता × वाटप कार्यक्षमता.
- साधनांचे दर बदलले की कार्यक्षम मिश्रण बदलते.
- रुपयांत मोजलेले आणि खात्यांत मोजलेले खर्चाचे प्रमाण परस्परविरोधी निष्कर्ष देऊ शकते.
- घरच्या मैदानाचा फायदा आणि जागतिक अनुभवाचा फायदा ही दोन स्पर्धक गृहीतके आहेत.
- गटांची रचना बदलल्यानेही सरासरी बदलते. तो मालकीचा परिणाम समजू नये.
- थकीत कर्जांचा विचार न करता काढलेली खर्च कार्यक्षमता दिशाभूल करते.

स्वाध्याय

१. कलम ३ मधील उदाहरणात कर्मचाऱ्याचा वार्षिक खर्च ४ लाख रुपये धरून तिन्ही शाखांची खर्च कार्यक्षमता काढा. अ आणि ब यांच्याबाबत काय आढळते? कारण द्या.

२. डीईए आणि एसएफए या पद्धतींतील फरक महापुराच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. 'परदेशी बँकांचा परिचालन खर्च मालमत्तेच्या प्रमाणात कमी असतो, म्हणून त्या अधिक कार्यक्षम आहेत.' या विधानाचे परीक्षण करा.

४. आपल्या गावातील किंवा प्रभागातील एक सार्वजनिक बँक, एक खासगी बँक आणि एक सहकारी बँक किंवा पतसंस्था निवडा. खिडक्यांची संख्या, दिसणारे कर्मचारी आणि येणारे ग्राहक यांची एका तासाची नोंद करा. तिन्ही ठिकाणी मिळणारी सेवा एकाच मापाने मोजता येईल का, यावर १५ ओळी लिहा.